ऑक्सिडेज डिस्क: काम दहा सेकंदांचे, जपणूक वर्षभराची

कोकणातील आमच्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत गेल्या उन्हाळ्यापासून जिवाणू ओळखण्याच्या ऑक्सिडेज चाचणीसाठी तयार डिस्क (अभिकर्मक, म्हणजे रंग बदलणारे रसायन, मुरवलेल्या कागदाच्या चकत्या) वापरात आहेत. त्यापूर्वी या अभिकर्मकाचे १ टक्क्याचे द्रावण आम्हीच करत असू. तपकिरी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले तरी ते हवेनेच निळसर पडू लागे आणि निम्मे बेसिनमध्ये ओतावे लागे. ५० डिस्कच्या बाटलीने ही कटकट संपवली, हे आधीच मान्य करतो.

काम सोपे आहे. स्वच्छ काचपट्टीवर डिस्क ठेवून तिला निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करायचे आणि १८ ते २४ तासांच्या ताज्या कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याचा) थोडा भाग तिच्यावर घासायचा. जिवाणूच्या श्वसनसाखळीत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) असेल, तर डिस्कमधील रंगहीन अभिकर्मकाचे ऑक्सिडीकरण होऊन दहा सेकंदांच्या आत गडद जांभळा रंग उमटतो. स्युडोमोनास एरुजिनोसा घासल्यावर जांभळी रेघ काडीमागोमाग धावते, तर ई. कोलायचा ठिपका फिकटच राहतो. मॅकॉन्की प्लेटवर (लॅक्टोज असलेल्या वाढमाध्यमावर) लॅक्टोज न आंबवणारी कॉलनी दिसली की स्युडोमोनास की ॲसिनेटोबॅक्टर, हा प्रश्न सकाळीच बराचसा सुटतो आणि त्यानुसार कोणते प्रतिजैविक लागू पडते हे तपासण्याच्या डिस्क निवडता येतात. मात्र कॉलनी थेट मॅकॉन्कीवरून उचलू नये, कारण आंबवण्यातून झालेल्या आम्लामुळे निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो; न्यूट्रिएंट किंवा ब्लड अगार या माध्यमांवर वाढवून घ्यावी.

माहितीपत्रकाबद्दल माझी खरी तक्रार आहे. कॉलनी नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारेच्या लूपने उचलू नये, ही सूचना त्यात इतक्या बारीक अक्षरांत छापली आहे की आमच्या नव्या सहकाऱ्याच्या ती नजरेसच पडली नाही. ज्योतीत तापवलेल्या तारेवरील ऑक्साइडमुळेही डिस्क जांभळी होते, आणि आमच्याकडे चक्क ई. कोलाय 'पॉझिटिव्ह' निघाला. सुदैवाने त्याच दिवशी नियंत्रण म्हणून लावलेला एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित ई. कोलायदेखील जांभळा झाला, म्हणून चूक पकडली गेली. नाहीतर तो अहवाल वॉर्डात गेला असता. आता आम्ही लाकडी काडीच वापरतो आणि घड्याळ समोर ठेवतो, कारण मिनिटभरानंतर येणाऱ्या रंगाला काहीच अर्थ नसतो. (हाताशी आले तर बोटेही जांभळी होतात, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरी अडचण साठवणुकीची आहे. २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवलेली बाटली बाहेर काढून लगेच उघडली की आमच्या जुलैच्या हवेत आतल्या डिस्कवर दव धरते आणि सिलिका जेलची पुडी असूनही काठ जांभळट होऊ लागतात. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढण्याचा नियम केल्यापासून नासाडी बरीच कमी झाली, तरी शेवटच्या दहा-बारा डिस्क आम्हाला फेकाव्या लागल्याच. दिवसाला पाच-सहा चाचण्या होत असतील तर ही बाटली खुशाल घ्यावी. आमच्याकडे आठवड्याला तेवढ्या होतात, म्हणून यंदाच्या पावसाळ्यासाठी प्रत्येक डिस्क वेगळ्या फॉइलमध्ये असलेले, थोडे महाग पाकीट मागवले आहे.