पायपेटी दुरुस्ती, मंगळवार पेठ: काम चोख, कस लावला सेगरनं

वडिलांची नाटकातली पायपेटी, म्हणजे पायांनी भाता मारून वाजवायची हार्मोनियम, मंगळवार पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडे दुरुस्तीला दिली होती. ती घरी आली, भरपूर वाजवून झाली, म्हणून आता लिहितेय. काम उत्तम झालंय. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात आता पायपेटी उघडून दुरुस्त करणारे हात फार थोडे उरलेत, त्यामुळे हे सविस्तर सांगायला हवं.

पेटी नीट झाली की नाही हे मी नाट्यपदं वाजवून ठरवलं नाही. पदात उजवा हात गाण्यामागे धावतो, एखादा सूर दबका असला तरी गायकाच्या आवाजात खपून जातो. मी योसेफ सेगर वाजवले. हे 1716 साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात जन्मलेले ऑर्गनवादक. प्रागमध्ये चेर्नोहोर्स्की या संगीतकाराकडे शिकले आणि तिथेच राहिले. जुन्या शहराच्या चौकातल्या दोन मनोऱ्यांच्या चर्चमध्ये 1741च्या सुमारास ऑर्गनवर बसले, 1745 मध्ये आणखी एक चर्च मिळालं, आणि दोन्ही जागा त्यांनी 1782 साली मरेपर्यंत सांभाळल्या. पहिल्या चर्चमधला 1673चा ऑर्गन अजून वाजतो.

मला ते जवळचे वाटतात ते शिक्षक म्हणून. मिस्लिवेचेक, कुखार्झ, कोझेलुख असे त्या काळचे किती तरी चेक संगीतकार त्यांच्या हाताखालून गेले. त्यांनी शेकड्यांनी रचना केल्या, पण हयातीत एकही छापली गेली नाही. आठ टोकाटा (मोकळ्या ढंगाच्या रचना) आणि फ्यूग (एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात अशा रचना) छापून आले ते 1793 मध्ये, त्यांच्या पश्चात. सम्राट दुसऱ्या योसेफनं वादन ऐकून दरबारात नेमणूक देऊ केली होती. तो कागद पोहोचायच्या आत सेगर गेले. हे मी मुलांना सांगते तेव्हा माझाच गळा दाटतो.

त्यांचे तुकडे छोटे असतात, कारण प्रार्थनेच्या मध्ये मिळेल तेवढ्याच वेळात ते संपवायचे. पण त्या दीड-दोन पानांत तीन-चार आवाज, म्हणजे वेगवेगळ्या सुरावटी, एकाच वेळी चालतात, आणि पेटीतला प्रत्येक दोष उघडा पडतो. प्रागच्या ऑर्गनला पायांखालीही सूर असतात. आपल्या पायांना भात्यातून सवड नाही, त्यामुळे खालचा लांब सूर डाव्या करंगळीनं धरून ठेवावा लागतो. पूर्वी असा सूर धरला की वरचे आवाज बसायचे. आता तो शेवटपर्यंत सरळ उभा राहतो आणि वरचं सगळं स्वच्छ ऐकू येतं.

भात्याचं कातडं पूर्ण बदललंय, चिकटपट्ट्या मारलेल्या नाहीत. सुरांच्या पितळी पट्ट्या एकेक काढून सुरात लावल्यात. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. कारागीर काकांनी हे माझ्या विद्यार्थ्याला समोर बसवून दाखवलं. मी सेगरचा एक फ्यूग वाजवला तेव्हा काका डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मधला गंधार जरा मागं ऱ्हातोय बघा, काढा परत." मला तो कळलाच नव्हता. त्यांनी तो पुन्हा लावून दिला, वेगळे पैसे घेतले नाहीत.

एकूण चौदा हजार रुपये झाले. कातडं आणि मजुरी पाहता मला रास्त वाटले. उणं इतकंच की पावती मागून घ्यावी लागते, आणि आवाज बदलायला ओढायच्या खुंट्यांवरची जुनी अक्षरं पॉलिशमध्ये पुसट झाली. ती राखायची असतील तर आधीच सांगा. पेटी देणार असाल तर मे संपायच्या आत द्या. आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की सरस लवकर वाळत नाही आणि काका घाईनं पेटी हातात देत नाहीत.