आयपॉड व्हिडिओ, आठ महिन्यांनंतर: ‘फक्त चार्ज होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

पाचव्या पिढीचा, म्हणजे २००५ साली आलेला ॲपलचा आयपॉड (गाणी-व्हिडिओचा खिशातला प्लेअर) आज जुना घ्यायला गेलं की ‘बाकी सगळं ठीक, फक्त चार्ज होत नाही’ हे वाक्य ठरलेलं. ३० जीबीचं मॉडेल आठ महिने रोज वापरल्यावरचं मत असं, की बॅटरी बहुधा थकलेली असतेच. पण केबल आणि चार्जर न तपासता नवी बॅटरी टाकली तर तीही रिकामीच राहू शकते.

आधी चार्जर. हा आयपॉड यूएसबीच्या दोन डेटा तारांवरचा व्होल्टेज पाहून किती करंट ओढायचा ते ठरवतो. बऱ्याच मोबाईल चार्जरमध्ये या दोन तारा आत एकमेकींना जोडलेल्या असतात. तिथे तो अडून बसू शकतो. म्हणून पहिली चाचणी कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टवर, तिथून त्याला ५०० मिलिॲम्पिअर मिळतात. ६५ वॅटचा चार्जर लावून काहीही लवकर होत नाही. एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला आयपॉडचं रुंद ३० पिनी टोक असलेल्या स्वस्त केबलपासून तर दूरच राहा: आत ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर (चार्जरला ‘इथे यंत्र जोडलंय’ हे कळवणारा छोटा भाग) नसेल तर टाइप-सी चार्जर व्होल्टेज सोडतच नाही. यूएसबीच्या जुन्या चौकोनी टोकाची केबल बरी.

मग आयपॉडच्या खालचं ३० पिनी सॉकेट. २३ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट येतात, १६ नंबर ग्राउंड, २५ आणि २७ डेटा. यातली एक जरी काळी पडली असेल तरी झालं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पडून राहिलेल्या यंत्रात पिनांवर हिरवट थर दिसतो. मऊ टूथब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, हलका हात, आणि पंधरा मिनिटं वाळवणं. सुई घालून खरवडलंत तर पिन वाकलीच म्हणून समजा.

इथवर सगळं ठीक असूनही स्क्रीन काळी? अर्धा तास हात लावू नका. बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेली असेल तर सुरुवातीला करंट थेंबाथेंबाने जातो, त्या वेळात काहीच दिसत नाही. बहुतेक जण पाच मिनिटांत केबल उपसतात, तिथेच घोळ होतो.

ॲपलचं सफरचंद दिसतं, डिस्क गुरगुरते आणि पुन्हा सफरचंद, असं चक्र लागलं तर कारण वेगळं. हार्ड डिस्क फिरायला लागताना एकदम जास्त करंट मागते, थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि यंत्र रीसेट होतं. होल्डचं बटण एकदा पुढे-मागे करा, मेनू आणि मधलं बटण ६ ते ८ सेकंद दाबा, सफरचंद येताच मधलं आणि प्ले दाबून धरा. डिस्क मोड (यात आयपॉड कॉम्प्युटरला साध्या ड्राइव्हसारखा दिसतो) आला की तसाच कॉम्प्युटरला लावून ठेवा. पूर्ण चार्जिंगला साधारण चार तास.

एवढ्यानेही भागलं नाही तर बॅटरी बदला. ३० जीबीचं यंत्र ११ मिमी जाड, ६० आणि ८० जीबीचं १४ मिमी. दोन्हींची बॅटरी वेगळी, तेव्हा मागवण्याआधी मोजा. मूळ बॅटरीच्या दुप्पट एमएएच (क्षमता) छापलेली पातळ बॅटरी दिसली तर तो आकडा सोडून द्या. कडेने प्लॅस्टिकची पट्टी सरकवत खाचा सोडवायच्या, पण झाकण ओढायचं नाही: बॅटरीची आणि हेडफोन जॅकची रिबन (चपटी, पातळ केबल) आत जोडलेली असते. बॅटरीच्या कनेक्टरवरचा तपकिरी खटका नखाने जेमतेम दोन मिमी वर उचलायचा. तो तुटला तर बोर्डावर सोल्डरिंग, आणि ते घरगुती काम नव्हे. जुनी बॅटरी झाकणाला चिकटवलेली असते. फुगलेली असेल तर धातूचं काहीही खाली घालू नका.

आठ महिन्यांच्या हिशेबात बॅटरीइतकाच फरक हार्ड डिस्क काढून एसडी कार्डाचा अडॅप्टर बसवल्याने पडतो. फिरणारं काही उरत नाही, रीसेटचं चक्रही बंद. (एका चार्जवर १४ तास गाणी वाजतात हा कंपनीचा दावा नव्या यंत्राचा होता, हे विसरू नका.) रॉकबॉक्स (ॲपलच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकलंत तर डिबग मेनूत बॅटरीचा खरा व्होल्टेज दिसतो, आयकॉनपेक्षा तोच भरवशाचा. पूर्ण भरल्यावर ४.२च्या आसपास हवा. केबल काढून काही मिनिटांतच तो ३.६वर घसरत असेल तर ‘नवी’ म्हणून मिळालेली बॅटरी वर्षानुवर्षं गोदामात पडलेली आहे.

आणि जुन्या केबलच्या रुंद ३० पिनी टोकाच्या दोन्ही बाजूंना खटके असतात. ते दाबूनच केबल काढा, नाहीतर सॉकेट बोर्डावरून सैल होतं.