लाल कापड सोडून बघितलं असतं तर माझे ५१,१७४ रुपये वाचले असते

आधीच सांगतो, मी अडाणी माणूस नाही. पतसंस्थेच्या कर्ज विभागात सतरा वर्षं काढली आहेत. लोकांचे सातबारे, गाड्यांची आरसी, जामीनदारांच्या सह्या तपासणं हेच माझं काम. कागदावर खाडाखोड दिसली की अर्ज बाजूला काढतो. आणि नंबर खरवडलेली मोटारसायकल मी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मुलासाठी, स्वतः चालवत घरी आणली. लाजेपोटी आतापर्यंत बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात आमच्याच शाखेतला शिपाई म्हणाला, त्याच जुन्या गाड्यांच्या गाळ्यावर भाच्यासाठी गाडी बघून आलोय, उद्या टोकन द्यायचंय. त्याला थांबवलं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

मुलाला आयटीआयनंतर एमआयडीसीत काम लागलं. घरापासून १९ किलोमीटर, आणि पहाटेच्या पाळीला एसटी नाही. नवी दीडशेची गाडी रस्त्यावर यायला लाखाच्या वर जातात, पोराचा पगार १४,०००. थकलेले हप्ते मी रोज बघतो, मला घरात हप्ता नको होता. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

१३ सप्टेंबर २०२५ ला, दुसऱ्या शनिवारी, त्या गाळ्यावर गेलो. दीडशे सीसीची काळी गाडी, नोंदणी ११ नोव्हेंबर २०१० ची. म्हणजे पंधरा वर्षं भरायला दोन महिने होते. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून पाच वर्षांचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं हे मला ठाऊक होतं आणि मी ते विचारलंसुद्धा. गाळेवाला म्हणाला, "काका, नाव चढवणं आणि पासिंग दोन्ही माझ्याकडे. साडेचार हजार वेगळे द्या, २०३० पर्यंत बघायचं काम नाही." गाडीचे ३२,००० सांगितले होते, २८,५०० ला तुटलं. पितृपक्ष चालू होता, "या दिवसांत गिऱ्हाईक नसतं म्हणून देतोय," असं त्याचं म्हणणं. आई घरी म्हणाली होती, पितरांच्या दिवसांत गाडी घेऊ नको. मी म्हटलं, पोराची पाळी पितरांसाठी थांबत नाही.

एकूण ३३,००० ठरले. टोकन २,००० त्याच दिवशी यूपीआयने दिले. रविवारी ११,००० यूपीआयने आणि २०,००० रोख. रोख त्यानेच मागितली. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा केला, त्यात किंमत लिहिली १३,०००. "जास्त दाखवली की कराचं लफडं होतं." दुसऱ्या कोणी माझ्या टेबलावर असा कागद आणला असता तर मी त्याला खुर्चीत बसू दिलं नसतं. आज माझ्या तक्रारीत पुरावा आहे तो फक्त १३,००० चा. एक रुपयाही रोख देऊ नका. समोरचा तोंड वाकडं करेल, करू दे.

आता त्या पाच मिनिटांबद्दल सांगतो. ती मला अजून रात्री झोपू देत नाहीत.

गाडीच्या हँडलखाली, जिथे पुढचा चिमटा बसतो त्या नळीवर, चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर ठोकलेला असतो. मी आरसी हातात घेऊन तो बघायला वाकलो. त्या नळीभोवती लाल कापड घट्ट गुंडाळलेलं होतं, वर हळदकुंकू, मध्ये सुपारी. मी बोट घालून कापड सरकवायला गेलो तर तो पटकन म्हणाला, "काका, पूजेचं बांधलंय, सोडू नका. इंजिन नंबर बघा ना, तो जुळतो." इंजिन नंबर खरंच जुळत होता. मी हात मागे घेतला.

पितृपक्षात कोण गाडीची पूजा करतं? आई तेच तर सांगत होती, या दिवसांत काही शुभ करत नाहीत. कापड कोरं करकरीत होतं, कुंकू ओलसर होतं. म्हणजे दोन-चार दिवसांतलं बांधलेलं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की देवाचं आहे, हात लावू नये. तुमच्यापैकी किती जणांनी दुसऱ्याने बांधलेलं पूजेचं कापड सोडलं असतं? त्याने नेमकं हेच हेरलं होतं. मला राग पैशापेक्षा याचा जास्त आहे.

दुसरी गोष्ट. तो म्हणाला होता, गाडी चार दिवस बंद उभी आहे. मी वाकलो तेव्हा माझा हात इंजिनाला लागला, आणि इंजिन कोमट होतं. भादव्याचं ऊन असेल असं मी मनाशी म्हटलं. गाळ्यात पत्र्याखाली कसलं ऊन? बोअर झिजलेली किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेली गाडी थंड असताना सुरू केली की निळा धूर सोडते, म्हणून हे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात आणि जाड ऑइल भरून आवाज दाबतात. जुनी गाडी बघायला जाल तर न सांगता सकाळी लवकर जा. इंजिनाला हात लावा. गरम असेल तर घरी परत या.

सोमवारी सकाळी किक मारली तर शेजाऱ्यांच्या ओट्यापर्यंत निळा धूर. मेकॅनिक म्हणाला, गाडी ऑइल पितेय, बोअर-पिस्टन गेलंय. ६,८०० गेले. पुढच्या चिमट्याच्या सीलमधून ऑइल गळत होतं, त्याचे ९५०. गाळेवाल्याने दिलेल्या पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइड ०.४२ टक्के लिहिलं होतं. काम करायच्या आधी मी पेट्रोल पंपावर पुन्हा चाचणी केली, तर ४.८. या काळातल्या गाडीला मर्यादा ३.५ ची. हायड्रोकार्बन ४,५०० च्या आत हवं, ते ७,००० च्या वर गेलं. मग ते ०.४२ आलं कुठून? कागदावर फोटो माझ्या गाडीचा होता, नळी भलत्याच गाडीच्या सायलेन्सरात घातलेली असणार. पीयूसी पन्नास रुपयांत होते. पैसे मोजायच्या आधी, आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या.

गाळेवाल्याला फोन केला तर म्हणाला, "पंधरा वर्षांची गाडी आहे काका, शोरूमची नाही." तरी ६ ऑक्टोबरला गाडी माझ्या नावावर चढली, त्यामुळे मी थोडा निवांत झालो. विमा माझ्या नावावर काढला, थर्ड पार्टीचे ७१४ आणि जीएसटी, म्हणजे ८४३. हायसिक्युरिटी नंबर प्लेटचे ५३१ भरले. नूतनीकरणाचे १,००० आणि कार्डाचे २०० भरले, पर्यावरण कराचे २,०००. हे सगळं त्या साडेचार हजारांत यायला हवं होतं. तो म्हणाला, "तुम्ही भरा, पावत्या आणा, हिशेब करू." तो हिशेब आजतागायत झालेला नाही.

२८ ऑक्टोबरला, दिवाळी होताच, गाडी आरटीओत नेली. "आमचा माणूस तिथे असेल" म्हणाला होता, तो माणूस फोनच उचलेना. रांगेत अडीच तास उभा राहिलो. निरीक्षकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागचा टायर गुळगुळीत. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, माझ्या टायरला ती शोधावी लागत होती. मागचा ब्रेक शेवटपर्यंत दाबला तरी चाक फिरत होतं. हेडलाइटमध्ये कोणीतरी डोळे दिपवणारा पांढरा एलईडी बसवलेला, त्याचा झोत समोरच्याच्या तोंडावर. उजवा इंडिकेटर बंद. गाड्या इथे पडतात त्या अशाच गोष्टींवर, आणि यातली एकही गोष्ट अशी नाही की जी गाळ्यावर उभं राहून दिसली नसती. मी रंग बघत होतो, टाकीवरची चमक बघत होतो.

दोन्ही टायर ३,९५०. ब्रेक शू आणि डिस्क पॅड ७८०. हेडलाइट, इंडिकेटर १,१२०. दिवाळीचा बोनस यात गेला. मुलगा म्हणत होता, "बाबा, हात सैल सोडला की गाडी डावीकडे ओढते." मेकॅनिक म्हणाला, टायरमुळे. टायर बदलले तरी ओढतच होती. जुनी गाडी घेताना तिच्या मागे दहा पावलांवर बसून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

४ नोव्हेंबरला पुन्हा गेलो. या वेळी साहेब वेगळे होते. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "ते कापड काढा." मी काढलं. खाली ताजा काळा रंग. त्यांनी अंगठ्याने घासलं, मोबाइलचा उजेड मारला. शेवटचे चार आकडे ग्राइंडरने खरवडलेले, आणि नळीच्या बुडाला वेल्डिंगची जाड शिवण. गाडी कधीतरी समोरून जोरात आदळलेली, चेसिस तुटलेली, जोडलेली. "चेसिस क्रमांक अस्पष्ट" असा शेरा मारला आणि कागद परत दिले. माझ्या मागे पंधरा-वीस लोक उभे होते. चोरीची गाडी घेऊन आल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत होते.

आता या कार्यालयाला मी जाहीरपणे विचारतो. ज्या कार्यालयाने ६ ऑक्टोबरला याच गाडीचा चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा मान्य करून माझं नाव चढवलं, तेच कार्यालय एकोणतीस दिवसांनी नंबर दिसत नाही म्हणतं. मग तो ठसा कशाचा होता? कोणी बघितला? २८ तारखेच्या साहेबांनी वाकून ते कापड का सोडायला लावलं नाही? त्याच दिवशी सांगितलं असतं तर टायर, ब्रेक, लाइटचे ५,८५० तरी वाचले असते. तो ठसा दाखवा म्हणून अर्ज दिला. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने सांगितलं रेकॉर्डचा माणूस रजेवर आहे. चार वेळा गेलो, चार अर्ध्या रजा. पाचव्यांदा तर एकाने मलाच विचारलं, "तुम्ही घेताना बघितलं नाही का?" मी बघितलं नाही हे कबूल आहे. पण मला बघण्याचा पगार मिळत नाही, तुम्हाला मिळतो.

उपाय विचारला. नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा असेल तर पोलिसांचा ना-हरकत दाखला आणा, कंपनीचं पत्र आणा, मग परवानगीचं बघू. पोलीस ठाण्यात गेलो. तिथे म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, पैसे परत हवे असतील तर कोर्टात जा. दाखल्याचं काढलं तर आवाज बदलला. "गाडी तुमच्या नावावर, नंबर खरवडलेला. चौकशी लावली तर पहिले तुम्ही. विचार करून सांगा." मी घाबरलो आणि घरी आलो. घरात मुलगा, त्याची नवी नोकरी, आणि मी फिर्यादीचा आरोपी व्हायचा? दोन दिवसांनी ओळखीच्या वकिलांनी समजावलं: फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा. स्पीड पोस्टाने पाठवलं. पोहोच आली. पुढे शांतता.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर तिथे शुल्क लागत नाही. हे ऐकून तरी लोकांनी गप्प बसू नये. आणखी एक मला नंतर कळलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं. गाळ्यावर गेलात की पहिलं तेच मागा. नसेल तर गाडी सोन्याची असली तरी बघू नका. आणि नूतनीकरणाला वर्षाच्या आत आलेली गाडी "पासिंग करून देतो" या शब्दावर घेऊ नका. पासिंग आधी, पैसे नंतर.

१० नोव्हेंबरला नोंदणी संपली. गाडी रस्त्यावर काढता येत नाही. भंगारात द्यायची म्हटलं तर नोंदणी रद्द करायला चेसिस नंबरचा कापलेला तुकडा मागतात. जो नंबर दिसत नाही त्याचा तुकडा! घराच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी आहे, ५१,१७४ रुपयांची. मुलगा शेजारच्या पोराबरोबर पाळीला जातो, महिन्याला पेट्रोलचे ९०० त्याला देतो. आई एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागतं. ते लाल कापड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय, तारीख पडली की आयोगासमोर ठेवणार आहे.

परवा रविवारी एसटीने जाताना तो गाळा दिसला. शटर उघडं होतं, बाहेर ओळीने सात मोटारसायकली धुऊनपुसून उभ्या. त्यातल्या तिघींच्या हँडलखाली लाल कापड बांधलेलं होतं.