सिएटल पार्क डिस्ट्रिक्ट: उद्यानांसाठीचा वेगळा कर पैशाला जागतो का?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात घर असेल, तर मालमत्ता करातला एक वाटा उद्यानांसाठी जातो. तो शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत पडत नाही. सिएटल पार्क डिस्ट्रिक्ट ही त्यासाठी वेगळी करसंस्था आहे. मतदारांनी ती ऑगस्ट 2014 मध्ये मंजूर केली आणि 2016 पासून वसुली सुरू झाली. सेवा म्हणून तोललं तर देखभालीला चांगले गुण, उत्तरदायित्वाला जेमतेम.

आधीची व्यवस्था मुदतीच्या लेव्हीवर, म्हणजे मतदारांनी ठरावीक वर्षांसाठी मंजूर केलेल्या जादा करावर चालायची. 2008 ची लेव्ही सहा वर्षांची आणि 14.6 कोटी डॉलरची होती. अशा लेव्हीची खोड अशी, की मतं मिळवायला नवं मैदान किंवा नवी खेळणी दाखवावी लागतात. गळकं छप्पर, म्हातारा बॉयलर, गंजलेली पाइपलाइन यांच्या नावावर कोण मत देणार? रखडलेल्या दुरुस्तीचा आकडा पाव अब्ज डॉलरच्या पुढे गेला तो यामुळे. डिस्ट्रिक्टचा कर कायमचा आहे आणि खर्चाची योजना सहा-सहा वर्षांची, म्हणून बॉयलर बदलण्याचं काम आता निवडणुकीवर अडत नाही. ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू.

कर किती? कायद्याने कमाल दर 1000 डॉलर मूल्यामागे 75 सेंट. सुरुवात सुमारे 33 सेंटने झाली, म्हणजे 6 लाख डॉलरच्या घराला वर्षाला 198 डॉलर. मात्र दर पाहून अंदाज बांधणारे हमखास चुकतात. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे आधी जमा करायची एकूण रक्कम ठरते, मग ती सगळ्या मालमत्तांवर वाटली जाते. शहरभर किमती चढल्या की दर आपोआप उतरतो. तुमचं घर शहराच्या सरासरीपेक्षा जास्त वधारलं, तरच तुमचा वाटा वाढतो. एकूण रक्कमही वर्षाला 1 टक्का अधिक नव्या बांधकामावरचा कर, एवढीच वाढू शकते.

मजुरी आणि साहित्य 1 टक्क्याने वाढत नाहीत, त्यामुळे पैसा दरवर्षी थोडा अपुरा पडत जातो. यावर तोड म्हणजे न उचललेली करक्षमता (कायद्याने घेता आला असता पण घेतला नाही तो कर) शिल्लक ठेवायची आणि पुढे एकदम वापरायची. 2022 मध्ये मंजूर झालेल्या 2023–2028 च्या योजनेत वसुली जवळपास दुप्पट झाली, तीही नव्याने मतदान न घेता. डिस्ट्रिक्टचं मंडळ म्हणजे नगर परिषदेचेच नऊ सदस्य. तेच शहराचं बजेट ठरवतात आणि तेच हा करही. गुण कापले ते इथे.

याला एकच खरा लगाम आहे: शहर आणि डिस्ट्रिक्ट यांच्यातला करार. शहराने आपल्या सर्वसाधारण निधीतून उद्यानांना किमान 8.9 कोटी डॉलर द्यायचे आणि ही रक्कम महागाईनुसार वाढवायची. मोठं आर्थिक संकट आलंच, तर तीन-चतुर्थांश मतांनी सवलत घेता येते. हे कलम नसतं, तर एका हाताने नवा कर घेऊन दुसऱ्या हाताने जुना निधी काढून घेता आला असता. बजेट वाचताना आधी हा आकडा शोधा, मग मोठ्या देखभालीची ओळ, मग नव्या उद्यानांचा वार्षिक चालू खर्च. शहराने घेऊन ठेवलेल्या 14 मोकळ्या जागांवर उद्यानं करण्याचं काम याच निधीत धरलं होतं. असं प्रत्येक उद्यान गवतकापणी, कचरा आणि पाणी यांचा खर्च कायमचा मागे लावतं.

हाच साचा उचलू पाहणाऱ्या लहान शहरांनी आणखी एक मर्यादा तपासावी. राज्यात काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), शहर, अग्निशमन, ग्रंथालय वगैरेंच्या एकत्रित नियमित करावर 1000 डॉलरमागे 5.90 डॉलरची कमाल आहे. ती ओलांडली की कात्री आधी कनिष्ठ संस्थांना लागते, आणि उद्यान डिस्ट्रिक्ट कनिष्ठांत मोडतं.

कॅलिफोर्नियाचा पर्याय अगदी वेगळा. तिथे 1972 च्या लँडस्केपिंग अँड लायटिंग कायद्याखाली घराच्या किमतीवर कर नसतो. मिळणाऱ्या विशेष लाभावर आकारणी असते. इंजिनिअरचा अहवाल लागतो, आणि त्यात सर्वांना मिळणारा लाभ वेगळा काढून वजा करावा लागतो. 1996 च्या प्रपोझिशन 218 नंतर (मतदारांनी मंजूर केलेला राज्यघटनेतला बदल) मालकांना सुनावणीच्या किमान 45 दिवस आधी मतपत्रिका पाठवाव्या लागतात. मताचं वजन आकारणीच्या रकमेइतकं असतं आणि परत आलेल्याच मतपत्रिका मोजल्या जातात. अहवाल ढिसाळ असेल तर मतदान जिंकूनही उपयोग नाही: सांता क्लारा काउंटीतल्या ओपन स्पेस ऑथॉरिटीची (मोकळ्या जागा राखणारी सरकारी संस्था) घरामागे वर्षाला 20 डॉलरची आकारणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रद्द केली, कारण विशेष लाभ सिद्ध झाला नाही.

नियंत्रण मालकांच्या हाती हवं असेल तर हा पर्याय सरस. पण जुन्या आकारणी-जिल्ह्यांत (अशी आकारणी लागू असलेल्या भागांत) महागाईवाढीचं कलम आहे का, ते आधी पाहा. नसेल तर रक्कम गोठलेली राहते आणि पाण्याचं बिल चढत जातं. आधी गवतकापणीच्या फेऱ्या कमी होतात, मग स्प्रिंकलर दुरुस्तीविना पडून राहतात. रक्कम वाढवायची तर पुन्हा अहवाल, पुन्हा 45 दिवस, पुन्हा मतपत्रिका. म्हणून नवा आकारणी-जिल्हा करताना हे कलम पहिल्याच मतपत्रिकेत घालून घ्या.