फुल थ्रस्ट: चाल एकदम, मारा पाळीपाळीने

अंतराळयानांच्या लढाईचा ‘फुल थ्रस्ट’ हा टेबलावरचा खेळ जॉन टफली यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी रचला आणि ग्राउंड झीरो गेम्सने पुढे त्याचे नियम विनामूल्य खुले केले. तो आज खेळावा की नाही, हे माझ्या मते त्यातील माऱ्याचा नियम आपल्याला किती रुचतो यावर ठरते. चालीबद्दल तक्रारीला जागा नाही: दोन्ही खेळाडू प्रत्येक जहाजाचे वळण आणि वेगबदल आधी कागदावर लिहितात, मग सारी जहाजे एकदम हलतात, आणि प्रतिस्पर्धी कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधण्यातच निम्मी गंमत असते.

मारा मात्र पाळीपाळीने होतो. पुढाकाराचा फासा जिंकणारा एक जहाज निवडून त्याची शस्त्रे चालवतो, नुकसान तत्क्षणी लागू होते आणि मगच दुसऱ्याची पाळी येते. संरक्षक स्क्रीन नसलेल्या जहाजावर बीम या किरण-शस्त्राच्या फाशाने ४ किंवा ५ पडल्यास एक आणि ६ पडल्यास दोन चौकटी, म्हणजे जहाजाच्या तक्त्यावरची नुकसान मोजण्याची घरे, खोडल्या जातात. चौकटींची पहिली ओळ संपली की प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकावा लागतो आणि ६ पडल्यास ती यंत्रणा बंद पडते. ज्या विनाशिकेकडे एकच फायर कंट्रोल (शस्त्रांचा नेम साधणारी यंत्रणा) आहे, ती शस्त्रे शाबूत असूनही अशा एका फाशाने मुकी होते. त्यामुळे सर्वांत मोठ्या जहाजाचा मारा आधी करण्याचा निर्णय जवळजवळ ठरलेलाच असतो, आणि दोन-तीन चाली खर्चून मोक्याच्या जागी आणलेले छोटे जहाज एकही मारा न करता टेबलावरून उतरते. चाल एककालिक ठेवून मारा रांगेत लावण्याची ही विसंगती मला आजवर पटलेली नाही.

नुकसान फेरीच्या शेवटी लागू करणे हा सोपा उपाय दिसतो. ‘स्टार वॉर्स’वरच्या २०१२ च्या ‘एक्स-विंग’ या यानांच्या खेळामध्ये समान कौशल्याच्या वैमानिकांपुरती अशी सवलत होती, नष्ट झालेले यानही आपला मारा करूनच उठत असे. परंतु फासे एकामागून एक टाकले, तर लक्ष्य आधीच संपले आहे हे दिसते आणि उरलेली जहाजे शहाणपणाने दुसरीकडे वळतात. खरा एककालिक मारा हवा असेल, तर लक्ष्येही चालीप्रमाणे आधी लिहावी लागतात, आणि मेलेल्या जहाजावर वाया गेलेला मारा सोसावा लागतो.

प्रतिक्रियात्मक माऱ्याचा मार्ग जीडीडब्ल्यू (गेम डिझाइनर्स वर्कशॉप) या प्रकाशकाच्या १९७८ च्या ‘मेडे’ या अंतराळ-लढाईच्या खेळामध्ये आहे. तिथे चाल करणाऱ्याचे लेझर आधी चालतात आणि मग समोरच्याला उलट मारा करता येतो. पण त्यासाठी जहाजाच्या संगणकात वेगळा प्रोग्रॅम भरलेला असावा लागतो. प्रत्युत्तराची अशी किंमत मोजायला लावणे मला फार आवडले, मात्र लिखित चालींच्या खेळात ‘चाल करणारा’ असा कोणी नसल्याने ते ‘फुल थ्रस्ट’मध्ये नीट बसत नाही.

म्हणून प्रत्येकी पाच-सहा जहाजांपर्यंत मी लक्ष्ये लिहून खेळतो. त्याहून मोठ्या ताफ्यांत ते लिखाण कंटाळवाणे होते, आणि तिथे मूळ नियमच बरा.