सिगारेटची ४२१३ थोटकं आणि एकाच माणसाची आठवण: इस्तंबूलचं 'म्युझियम ऑफ इनोसन्स'

टूरवाल्यांच्या कार्यक्रमात हे ठिकाण नसतं. आया सोफिया, निळी मशीद, ग्रँड बाजार, बॉस्फरसवरची बोट, की झालं इस्तंबूल. मध्ये एखादी दुपार मोकळी मिळते ती मंडळी चामड्याची जॅकेटं बघण्यात घालवतात. ती दुपार इकडे द्या, असं माझं सांगणं आहे, आणि चित्रकलेत थोडासाही रस असेल तर आग्रहाचं सांगणं आहे. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुकांची त्याच नावाची कादंबरी वाचलेली नसली तरी काही बिघडत नाही. माझ्या नणंदेनं वाचली नव्हती, तरी माझ्याआधी तिलाच तिथलं मर्म कळलं. ते पुढे येईलच.

पत्ता चुकुरजुमा भागातला. टी-१ ट्रामनं तोपहानेला उतरायचं आणि चढ चढायचा. गुडघे कुरकुरत असतील तर वरून, इस्तिकलालच्या रस्त्यावरून, उतरत या. वाटेत दोन्ही बाजूंना जुन्या सामानाची दुकानं लागतात. ती घाईनं ओलांडू नका, कारण संग्रहालयातल्या कितीतरी वस्तू पामुकांनी अशाच दुकानांतून गोळा केल्या आहेत. कोपऱ्यावर लाल रंगाचं एक निरुंद जुनं घर दिसतं, तेच. पामुकांनी हे घर १९९९ मध्ये विकत घेतलं, कादंबरी २००८ मध्ये आली आणि संग्रहालय एप्रिल २०१२ मध्ये उघडलं. म्हणजे कादंबरी गाजली म्हणून मागाहून स्मारक बांधलं, असा प्रकार नाही. वस्तू जमवणं आणि गोष्ट लिहिणं बरोबरीनंच चाललं होतं. एखादी मीठदाणी किंवा फ्रॉक दुकानात आवडला की तो घरी यायचा आणि मग कथेत त्याची जागा व्हायची.

कथा दोन ओळींत सांगते. १९७५ चं इस्तंबूल. श्रीमंत घरातला, साखरपुडा ठरलेला केमाल लांबच्या नात्यातल्या, दुकानात नोकरी करणाऱ्या अठरा वर्षांच्या फ्यूसुनच्या प्रेमात पडतो. ती हातची जाते, तिचं दुसऱ्याशी लग्न होतं, आणि हा गृहस्थ जवळजवळ आठ वर्षं तिच्या आईवडिलांच्या घरी रात्रीच्या जेवणाला जात राहतो. १५९३ वेळा, असा हिशेब कादंबरीतच आहे. जाताना तिचा हात लागलेलं काहीबाही खिशात घालून आणतो. त्या चोरीच्या मालाचं हे संग्रहालय. माणसं काल्पनिक, वस्तू मात्र खऱ्या.

आत शिरल्या शिरल्या सिगारेटच्या थोटकांची भिंत समोर येते. फ्यूसुननं ओढलेल्या सिगारेटींची ४२१३ थोटकं, टाचणीला टोचलेल्या फुलपाखरांसारखी ओळीनं लावलेली. प्रत्येकाखाली तारीख आणि हातानं लिहिलेली इवलीशी नोंद. जवळ जाऊन बघा. एखादं थोटूक नीट टेकवून विझवलेलं, एखादं रागानं चिरडून पार वाकवलेलं, एखाद्याच्या टोकाला लिपस्टिकचा डाग. मी बत्तीस-तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. त्या परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर वेगळा आणि स्मरणचित्राचा वेगळा. एकात समोरचं हुबेहूब काढायचं, दुसऱ्यात डोळ्यांपुढे नसलेलं आठवून काढायचं. या भिंतीपुढे मला वाटलं, या माणसानं दोन्ही पेपर एकाच कागदावर सोडवलेत. (पामुकांना बाविसाव्या वर्षापर्यंत चित्रकारच व्हायचं होतं. ते इथे ठायी ठायी दिसतं.)

वरच्या मजल्यांवर लाकडी कपाटं आहेत, कादंबरीच्या ८३ प्रकरणांच्या क्रमानं, एका प्रकरणाला एक. रचना बघाव्यात तर इथल्या. मागे जुनं छायाचित्र किंवा रंगवलेला पडदा, पुढे वस्तू, काही दोऱ्यांनी अधांतरी टांगलेल्या. पेले, घड्याळं, किल्ल्या, काड्यापेट्या, सिनेमाची पोस्टरं. एका ठिकाणी औषधाच्या जाहिरातीतलं मानवी शरीराचं चित्र घेऊन विरहाची कळ नेमकी कुठे उठते ते दाखवलंय. पोटापासून सुरुवात! मेल्तेम नावाच्या सोड्याच्या बाटल्या आहेत आणि त्याची जाहिरातही आहे. असं पेय तुर्कस्तानात कधी नव्हतंच, ते कादंबरीसाठी रचलेलं. तरी ते बघून 'आमच्या लहानपणी मिळायचं' असं कुणी म्हणालं, तर मला नवल वाटणार नाही.

टीव्हीवर ठेवायच्या चिनी मातीच्या कुत्र्यांपाशी नणंद थांबली. "वहिनी, हे तर आपल्या दादरच्या घरातलं शोकेस!" खरंच तसं होतं. पण पुढच्याच मजल्यावर तिनं हळूच विचारलं, "ह्या बाप्याला कामधंदा काही नव्हता का गं? आणि त्या पोरीला काय वाटत होतं, ते कुठे लिहिलंय?"

"वन्सं, ते कुठेच नाही," मी म्हटलं, आणि मग उरलेली कपाटं मी त्याच नजरेनं पाहिली.

कारण दुखणं तिथेच आहे. गतकाळाची हुरहूर ज्याच्याकडे कपाट आहे त्याची. केमालकडे पैसा आहे, वेळ आहे, रिकामा फ्लॅट आहे. म्हणून फ्यूसुनचे कानातले, केसांच्या पिना, चिरडलेलं थोटूक ही सगळी 'त्याची' आठवण होते. तिला सिनेमात नटी व्हायचं होतं, ते तिच्याच्यानं होत नाही आणि त्यात या प्रेमिकाचा हात चांगलाच आहे. तिच्या बाजूनं बोलणारं एकही कपाट मला सापडलं नाही. पामुकांना हे कळत नव्हतं असं नाही. पंधराव्या प्रकरणाच्या कपाटात त्या काळच्या वर्तमानपत्रांतली बायकांची छायाचित्रं आहेत, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. 'अब्रू गेलेल्या' बाईचा फोटो असा छापायची पद्धत होती. लग्नाआधी प्रेम केलेली, बलात्कार झालेली, धंद्याला लागलेली, सगळ्यांना एकच पट्टी. पट्ट्यांची ही रांग त्या थोटकांच्या भिंतीहून मला जास्त टोचली. एवढं एक कपाट नसतं, तर मी सगळ्या प्रकाराला श्रीमंताचा छंद म्हणून मोकळी झाले असते.

बाई स्वतःच्या वस्तूंची मालक असते तेव्हा काय होतं, हे पाहायला चीनच्या सोंग दोंग या कलाकाराचं काम आठवावं. वडील २००२ मध्ये गेल्यावर त्याची आई घरातलं काहीच टाकेना, म्हणून दोघांनी मिळून २००५ मध्ये बीजिंगमध्ये तिच्या घरातला सगळा पसारा मांडला. दहा हजारांवर नग. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, रेशनच्या काळात साठवलेले साबण, घराचा लाकडी सांगाडासुद्धा. आई तिथे स्वतः हजर असायची, वस्तू लावायची, बघायला आलेल्यांशी बोलायची. मी ते फक्त छायाचित्रांत पाहिलंय. पण कोणत्या साबणाची गोष्ट काय, हे तिथे तिलाच विचारता येत होतं. चुकुरजुमात फ्यूसुनला विचारायची सोय नाही.

तरी कारागिरीला माझे पैकीच्या पैकी गुण. संग्रहालयांनी राष्ट्राचा इतिहास सांगण्यापेक्षा एकेका माणसाचं जगणं सांगावं, ती लहान आणि कमी खर्चाची असावीत, असं पामुकांनी संग्रहालयांविषयीच्या आपल्या जाहीरनाम्यात मांडलंय, आणि हे घर त्याचा चालता-बोलता पुरावा आहे. २०१४ चा युरोपातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार उगीच मिळालेला नाही. माळ्यावर केमालचा पलंग, फ्यूसुनची तीनचाकी सायकल आणि कादंबरीची हस्तलिखित पानं आहेत. २००० ते २००७ या काळात केमाल इथे राहत होता आणि पामुक त्याच्यासमोर बसून गोष्ट ऐकत, असं तिथे गंभीरपणे लिहून ठेवलंय. थाप इतकी रेटून मारलीय की क्षणभर विश्वास बसतो.

आता कामाचं. सोमवारी बंद. कादंबरी घरी असेल तर ती बरोबर घ्या. शेवटाकडे तिकीट छापलेलं आहे, त्यावर शिक्का मारून एकाला फुकट सोडतात. वाचलेली नसेल तर ऑडिओ गाइडचे पैसे वाचवू नका, नाहीतर कपाटं नुसती सुंदर अडगळ वाटतील. दीड-दोन तास हवेतच. जुनं घर असल्यानं जिने चढायची तयारी ठेवा. लहान मुलांना कंटाळा येईल, आणि हनिमूनला आलेल्या जोडप्यांनी जावं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. खालच्या दुकानात फ्यूसुनच्या कानातल्यांच्या प्रतिकृती विकायला असतात. नणंदेनं हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले. मी त्या पैशात दोन चित्रकार्डं घेतली.