इको कॅम्पर ३३ महिने वापरली, आता विकली: चांगलं-वाईट सगळं लिहितोय

फेब्रुवारी २०२३ ला आमची कॅम्पर, म्हणजे आत झोपून फिरता येईल अशी केलेली गाडी, तयार झाली आणि या दिवाळीनंतर दिली, म्हणजे ३३ महिने वापरली. २०१६ ची सेकंड हँड मारुती इको, पेट्रोल, फाइव्ह सीटर. साताऱ्यात घराखालच्या पार्किंगमध्ये मी आणि बायकोने शनिवार-रविवार करत चार महिने खपून बांधली होती. विकायचं कारण सरळ आहे, मुलगी लहान होती तोवर तिघं मावत होतो, आता ती पहिलीत गेली आणि झोपेत पाय पसरते, त्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग गाडी महिना महिना कव्हरखाली उभी राहायला लागली आणि ते बघवत नव्हतं. चालती गाडी उभी ठेवली की गंजते, रबर कडक होतात, बॅटरी मरते. म्हणून ठरवलं की वापरणाऱ्यालाच द्यायची.

ज्यांना अशी गाडी बांधायची किंवा कुणाची बांधलेली घ्यायची असेल त्यांच्यासाठी लिहितोय, विकताना मला स्वतःलाच बरंच नवीन कळलं.

आधी गाडीबद्दल. इकोच का, तर लहान आहे, घाटात आणि गावातल्या बोळात जाते, मेकॅनिक कुठेही मिळतो. लांबी पावणेचार मीटरच्या आत. माझी उंची ५ फूट ९ इंच, मला तिरकं झोपावं लागायचं, ३३ महिने तिरकाच झोपलो. सीएनजीवाली मुद्दाम टाळली कारण टाकी जागा खाते. इंजिन पुढच्या सीटखाली असतं त्यामुळे एप्रिल-मे मध्ये चार तास चालवून थांबलं की आतली गरमी रात्री दहापर्यंत जात नाही, हे घ्यायच्या आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पुढच्या सीटच्या मागे जाड फोमचा पडदा लावला, फरक पडला पण पूर्ण नाही. कोकणात मे महिन्यात या गाडीत झोपू नका, एवढं स्पष्ट सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र स्वर्ग आहे.

वीज. इथे मी सगळ्यात जास्त पैसे घालवले आणि सगळ्यात जास्त शिकलो. सुरुवातीला घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर बॅटरी ठेवली होती, स्वस्तात मिळाली म्हणून. वजन ५५-६० किलो, निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य जातं, चार्जिंगला गॅस सोडते आणि आपण त्याच डब्यात झोपणार. सहा महिन्यांत काढली. मग १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॉट-अवर, वजन जेमतेम १२ किलो. वर कॅरिअरवर ३३० वॉटचं एक सोलर पॅनल, त्याची वीज बॅटरीत नीट भरणारा एमपीपीटी कंट्रोलर, आणि गाडी चालू असताना चार्ज व्हायला २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. आमचा दिवसाचा खर्च साधारण असा होता, फ्रीज ४०० च्या आसपास, माझा लॅपटॉप ३००, पंखा आणि लाइट मिळून दीडशे, म्हणजे साडेआठशे वॉट-अवर. डिसेंबरात स्वच्छ ऊन असलं की पॅनल एवढं आरामात भरून काढतं, दुपारी दोनला बॅटरी फुल. पण जुलैमध्ये आंबोलीला तेच पॅनल दिवसभरात अडीचशेच्या वर गेलं नाही, रोज सहाशेची तूट, दोन दिवसांत बॅटरी तळाला. त्यावेळी डीसी-डीसी चार्जरनेच तारलं, दोन तास गाडी चालवली की पाचशेच्या आसपास परत येतात. म्हणून कुणी म्हणालं की फक्त सोलरवर वर्षभर राहता येतं, तर त्याला पावसाळ्याचं विचारा. आपल्याकडे चार महिने पावसाळा आहे.

इन्व्हर्टर ऑनलाइन घेतला होता, नाव घेत नाही, हजार वॉट लिहिलेलं आणि सहाशेला बंद पडायचा. शेवटी तो काढलाच, लॅपटॉप, फोन, पंखा सगळं थेट १२ व्होल्टवर आणलं आणि त्यानंतर तक्रार नाही. इंडक्शनच्या नादाला लागू नका. १२०० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरच्या वर ओढते, तेवढ्या जाड केबल, तेवढा फ्यूज, आणि एका वेळच्या भात-आमटीत बॅटरीचा मोठा हिस्सा जातो. आम्ही ५ किलोचा सिलेंडर आणि एकच बर्नर ठेवला, स्वयंपाक कायम डिकी उघडून बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवलं आणि गॅसचा अलार्म जमिनीलगत लावला. एका ओळखीच्यांनी तो डोक्याच्या उंचीवर लावलेला मी बघितलाय, काही उपयोग नाही.

आता गळतीचं सांगतो, कारण ती विकतानासुद्धा आडवी आली. छताला पंख्यासाठी चौकोनी भोक पाडलं आणि कडेला साधा सिलिकॉन भरला. पहिल्या पावसात काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी आंबोलीला रात्री तीनच्या सुमारास कपाळावर थेंब पडला, मला वाटलं पत्र्याला आतून दव धरलंय, पुसलं आणि झोपलो. सकाळी बायकोने गादीचा कोपरा उचलला तर खालचा प्लाय काळा पडलेला, फुगलेला, बुरशीचा वास. पाणी पंख्याच्या कडेने शिरून फोमच्या मागून उतरत उतरत बेडच्या पायथ्याशी साचत होतं, किती दिवसांपासून ते देव जाणे. परत येऊन अख्खा तो भाग सोलला. पत्र्यावर रुपयाएवढे गंजाचे दोन डाग मिळाले, घासून प्रायमर मारला, पंखा ब्यूटाइल टेपवर (चिकट रबरी पट्टी) बसवून वरून सीलंट मारलं, आणि बेडला साध्या प्लायऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आणि वर मरीन प्लाय टाकला. वजनही कमी झालं. नंतर वजनकाट्यावर नेऊन पाणी, गॅस, आम्ही तिघं सगळं धरून वजन केलं, आरसीवरच्या ग्रॉस वेटच्या आत आलं, ती पावती जपून ठेवली.

कागदपत्रांचं नीट वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणजे आरसीवर जे आहे त्यापेक्षा गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटायचं नाही. म्हणून आम्ही चॅसिस, खिडक्या, रंग कशालाच हात लावला नाही, एकही वेल्डिंग नाही, सगळं फर्निचर नट-बोल्टवर, दोन तासांत निघतं. छताचं ते एक भोक पाडायला नको होतं, हे घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगितलं. मागचं बाकडं काढून घरच्या गॅलरीत चादरीखाली ठेवलं होतं, पण ते काढणं म्हणजेसुद्धा बदलच, सेवन सीटर असती तर अजून प्रश्न आला असता, हे बांधताना माझ्या डोक्यात नव्हतं. विमा फक्त मूळ गाडीचा धरला जातो, आत काय बसवलंय ते कंपनीला कळवून पॉलिसीवर घ्यावं लागतं, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो. महाराष्ट्राचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरण आहे पण ते पर्यटनाच्या धंद्यासाठी, आपण घरी बांधलेल्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

विकायला काढली तेव्हा पहिला धक्का किमतीचा. गाडी २ लाख ६० ला घेतली होती, आत २ लाख १२ हजार घातले. जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे नेली तर त्याने दार उघडून बघितलं आणि म्हणाला, साहेब हे सगळं काढायला मलाच मजुरी लागेल, दोन लाख देतो. त्याच्या हिशोबाने तो चुकीचा नव्हता, त्याचं गिऱ्हाईक शाळेच्या पोरांना नेणारं किंवा भाजीवाला. मग अ‍ॅपवर टाकली. जवळपास साठ फोन आले. निम्मे "लास्ट किती" वाले, बरेच जण सोलर आणि फ्रीज वेगळं मागणारे. गोव्याचा एक मुलगा खरंच घेणार होता पण दुसऱ्या राज्यात न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसी, तिथला टॅक्स, हे ऐकून थांबला. दोन रील बनवणारी मुलं आली, त्यांना लाकडी पट्ट्यांचं छत आणि पिवळे लाइट फार आवडले, बॅटरीचा कप्पा उघडून दाखवतो म्हटलं तर नको म्हणाले. त्यांना मी स्वतःच नाही म्हटलं. ही गाडी समजून न घेता कुणी वापरली तर आग लागू शकते, आणि ते माझ्या हाताने व्हायला नको होतं.

शेवटी कराडचे एक काका आले, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, सोबत काकू. काकांनी आत डोकावूनसुद्धा बघितलं नाही आधी. इंजिन गार आहे ना बघितलं, मग स्टार्टर मारायला सांगितला आणि मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले. टायरवर टाचेने मारून आवाज ऐकला, पोतं अंथरून गाडीखाली आडवे झाले, बाहेर येऊन म्हणाले, "डाव्या बाजूचा बुश गेलाय, तुम्हाला माहितीये का?" माहीत नव्हतं. सस्पेन्शनचं ते रबर दुसऱ्या दिवशी बदलून घेतलं. काकू तोवर पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाळा, रात्री बाथरूमला जायचं झालं तर?" साठ फोन आले, एकानेही हे विचारलं नव्हतं. माझ्या बायकोने त्यांना बाजूला नेऊन फोल्डिंग कमोड, पडदा, पिशव्या कुठे टाकायच्या सगळं दाखवलं, पेट्रोल पंपावर आणि भक्तनिवासात कुठे सोय असते ते सांगितलं, खरं तर तिथेच सौदा झाला.

मी माझी अट सांगितली, पैसे द्यायच्या आधी एक रात्र यात झोपा. ते खरंच झोपले, आमच्याच पार्किंगमध्ये. त्या रात्री मी छतावर बादलीने पाणी ओतून दाखवलं, दुरुस्त केलेली जागा आतून हाताने तपासायला दिली, आणि जिथे आधी काळं पडलं होतं त्याचे फोटोही दाखवले. काकूंना डायबेटिस आहे, इन्सुलिन न्यायचं होतं, त्यामुळे फ्रीजवरच तासभर गेला. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत लागतं आणि गोठून चालत नाही, आमच्या फ्रीजचा तळ सगळ्यात थंड पडतो, म्हणून डबा वरच्या जाळीत आणि सेटिंग ५ वर, हे मी आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून चिकटवलं. बॅटरी उतरायला लागली तर आधी लॅपटॉप-फोन, मग पंखा, फ्रीज सगळ्यात शेवटी बंद करायचा. सकाळी काकू पायरी उंच पडते एवढंच म्हणाल्या, काकांनी स्वतः लाकडी पाट करतो म्हटलं.

आणि किंमत कशामुळे मिळाली ते लिहितो. बांधताना आतल्या प्रत्येक वायरचे फोटो काढून ठेवले होते, आतल्या भिंती झाकायच्या आधी. एका वहीत सर्किट काढलेलं, कुठल्या फ्यूजवर काय, किती अँपिअर, कुठली केबल किती एमएमची. सगळी बिलं, वॉरंटी कार्डं, वजनकाट्याची पावती. काकांनी ती वही चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. छताच्या लाकडी पट्ट्यांना आम्ही अठरा हजार घातले होते, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ३ लाख १५ हजारात दिली. घातलेल्या पैशांपेक्षा दीड लाख कमी, त्यातले काही माझ्या चुकांचे, बाकी ३३ महिन्यांचं वापरणं. वेळासची कासवं, भंडारदऱ्याचे काजवे, हंपीत मुलीचा वाढदिवस याच गाडीतून झाला, मला तक्रार नाही.

ट्रान्सफर करताना बाकडं परत बसवलं, फॉर्म २९ आणि ३० भरले, पीयूसी, विमा, चलन बाकी नाही ते तपासलं. विक्रीची माहिती आपण १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, घेणारा करेल म्हणून सोडू नका, स्वतः करा. फास्टॅग आपला बंद करा. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, त्यानंतर काही झालं तर ती वेळ कामाला येते. नो क्लेम बोनस आपल्याकडेच राहतो, त्याचं पत्र मागून घ्या.

ते दोघं नर्मदा परिक्रमेला निघाले, गाडीने, चातुर्मास संपल्यावर सुरू होते ती. परवा ओंकारेश्वरहून काकांचा फोन आला. दिवसभर ढग होते, बॅटरीचा मीटर १३.२ व्होल्ट दाखवतोय, रात्री फ्रीज चालू ठेवू का विचारत होते. ठेवा म्हटलं, १३.२ म्हणजे अजून भरपूर आहे. मग काकूंनी फोन घेतला आणि पाटावरून चढायला आता त्रास होत नाही म्हणाल्या.